एका भरतीचा उशीर

मोग एक भरती चुकला होता. कप्तान तो, माझा नवरा; जहाजावरच्या आम्हां बाकी तिघांनाही ते ठाऊक होतं, आणि तिघंही त्याबद्दल गप्प होतो.

रविवारी संध्याकाळी उधाणाची सगळ्यात मोठी भरती होती. त्या भरतीवर जहाज बॅलीडॉन गावाच्या वाळूत चढवायचं, ओहोटीत गाड्या लावून कोळसा उतरवायचा, आणि रिकामं जहाज पुढच्या भरतीला मागं ओढून न्यायचं. धक्का नसलेल्या गावांना कोळसा असाच मिळतो आणि आमच्या आर्क्लो बंदराची माणसं बापजाद्यांपासून हेच करत आली आहेत. पण मोगनं रविवार जाऊ दिला. जहाजाचं नाव 'ॲन रेडमंड', म्हणजे माझ्या सासूचं. सासूबाईंनी हयातीत रविवारी जहाज कधी जमिनीला टेकू दिलं नाही. त्यांना जाऊन चार वर्षं झाली, पण मुलाच्या मनातला धाक गेला नव्हता. रात्रभर आम्ही बाहेर नांगर टाकून डोलत राहिलो आणि सोमवारी सकाळी आत शिरलो. पाणी वीतभर कमी होतं. ती कसर भरून काढायला मोगनं एकही शीड न उतरवता 'ॲन'ला जोरात आत घातलं. ती लांबवर जाऊन वाळूत रुतली.

"बसली एकदाची," लार म्हणाला. लार म्हणजे मोगचा चुलतभाऊ, पंचविशीचा, कामाला वाघ आणि तोंडाला सैल.

"जिवंतपणीही अशीच बसायची," वॉटी ब्रीन म्हणाला. वॉटी मोगच्या हाताखालचा मुख्य खलाशी, पण वयानं त्याच्या बापाएवढा. "उठवायला चार माणसं लागायची."

मोग हसला नाही. त्यानं पाऱ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. हवेच्या दाबाचा पारा सावकाश उतरत होता; म्हणजे वादळ जवळ येत होतं.

आमच्या जहाजाच्या पोटात चाळीस टन कोळसा होता. उधाण ओसरू लागलं की रोजची भरती थोडी थोडी खाली राहते, आणि मग भांगाचे दिवस येतात. तेव्हा पाणी इतक्या वर येतच नाही. बुधवारी सकाळची भरती ही आमची शेवटची. तोवर जहाज रिकामं झालं तर उचललं जाईल. नाहीतर दोन आठवडे उघड्या किनाऱ्यावर, तेही सप्टेंबरच्या अखेरीस. आग्नेयेकडून एक वादळ आलं की संपलं. मोगच्या थोरल्या भावाचं जहाज असंच फुटलं. त्याच्या सुकाणूचं चाक आता परसात कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून ठेवलंय. आमचं आर्क्लोतलं घर भाड्याचं होतं. आमचं म्हणावं असं हे जहाज तेवढं होतं.

आमचा आचारी, कोळसा भरला त्या गार्स्टनच्या बंदरात उतरला तो परत आलाच नाही, म्हणून या खेपेला चुलीपाशी मी होते. आणि एली नऊ महिन्यांची, अंगावर पिणारी, म्हणून ती माझ्यापाशी होती.

दहा वाजता जहाजाभोवतीची वाळू उघडी पडली. तीस गाड्या यायच्या होत्या. एकही आली नाही.

*

मी एलीला कडेवर घेतलं आणि मोगच्या मागोमाग कड्याची वाट चढले. वर, वाट जिथं गावाच्या रस्त्याला मिळते तिथं, दोन नवे खांब रोवले होते आणि त्यांच्यामध्ये कमरेएवढ्या उंचीवर साखळी लावली होती. साखळीवर पाटी होती. मी ननांच्या शाळेत सोळाव्या वर्षापर्यंत शिकले, त्यामुळं वाचायचं काम नेहमी माझ्याकडे.

"'या वाटेनं कोणतीही गाडी, घोडा वा चाक नेण्यास मनाई आहे,'" मी वाचलं. "खाली जमीनदाराचं नाव."

साखळीच्या पलीकडे गाव उभं होतं. गाढवं गाड्यांना जुंपलेली, माणसं मुकाट. त्यांच्या पुढं घोड्यावर जमीनदाराचा कारभारी, हॅनवे. जमीनदार लंडनला राहत असे. इथं सगळं हॅनवेच बघे, आणि चार मैलांवरच्या गावातली कोळशाची वखारही त्याचीच. तिथला कोळसा अर्धा दगड असतो म्हणून बॅलीडॉनच्या चाळीस घरांनी मिळून आमच्याकडून परस्पर मागवला होता.

"रेडमंड," तो म्हणाला, "माझ्या गाड्या तासाभरात लागतील. कोळसा माझ्या वखारीत घाल, संध्याकाळी तू मोकळा."

"कोळसा विकलेला आहे, साहेब. या चाळीस घरांना."

"ही चाळीस घरं आमच्या जमिनीवर आहेत. ही वाटही आमची आहे." त्यानं खाली जहाजाकडे पाहिलं. डोलकाठीच्या दोरांवर एलीची दुपटी वाळत होती. "आणि ते काय आहे? जहाज म्हणायचं की धुण्याची दोरी?"

त्याचा कारकून हसला. हॅनवे माझ्याकडे वळला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, नवऱ्याला समजवा. मूल लहान आहे. वादळ काही मूल बघून येत नाही."

मला झोंबलं ते एवढ्यासाठी, की सकाळपासून माझ्याही मनात नेमकं हेच चाललं होतं.

गावातल्या एकानंही वर पाहिलं नाही. एका माणसानं गाढवाचं तोंड वळवलं आणि रिकामी गाडी खडखडत परत नेली. तो आवाज मला खूप वेळ ऐकू येत राहिला.

*

"देऊन टाक," जहाजावर आल्यावर मी म्हणाले.

"काय?"

"कोळसा. येऊ देत त्याच्या गाड्या."

"आणि ही माणसं हिवाळाभर काय जाळतील?"

"ती माणसं बघत उभी होती, मोग. एकानं तरी तोंड उघडलं?"

"तोंड उघडलं तर घरं जातात त्यांची."

"आणि आपलं?"

तो टोपलीच्या दोराला गाठ मारत होता. गाठ बसली होती, तरी पुन्हा सोडून मारू लागला. "मी शब्द दिलाय, स्टेशिया. या जहाजाच्या नावानं दिलाय."

"सगळं सासूबाईंच्याच नावानं. रविवारही त्यांच्याच नावानं गेला."

लारनं एकदम काहीतरी शोधायला पाठ फिरवली. वॉटीनं कठड्यावरून खाली थुंकून घेतलं. मोगचे कान लाल झाले. तो फावडं घेऊन जहाजाच्या पोटात उतरला आणि एकटाच कोळसा ओढू लागला. वर न्यायला वाट नसलेला कोळसा. फावड्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मी खरं तेच बोलले होते, पण बोलून मला बरं वाटलं नाही.

दुपारी दोनच्या सुमारास खडकांकडून एक म्हातारी वाळू तुडवत आली. पाठीवर वेताचा हारा, हाऱ्यात ओलं शेवाळ, दोर छातीवरून आडवा घेतलेला. स्कर्टचा घेर गुडघ्यापर्यंत खोचलेला. जहाजाखाली थांबून तिनं मान वर केली.

"कप्तानाची बायको तूच का गं?"

"हो."

"मी बॅब कल्लन. वाचता येतं तुला?"

"येतं, आजी."

"मग पाटीवर काय लिहिलंय ते सांग. आम्हाला सकाळी नुसती दाखवली, वाचून कोणी दिली नाही."

मी सांगितलं. ती ऐकत होती आणि तिच्या हाऱ्यातून पाणी टपकत होतं.

"चाक," ती म्हणाली. "बरं. त्या खांबाच्या बाजूला जागा सोडलीय, बघितलीस? माणूस जाईल एवढी. ती काही त्यानं मेहेरबानी केलेली नाही. किनाऱ्यावरचं शेवाळ पाठीवरून शेतात न्यायचा हक्क आमचा आहे. पाठीवरचं त्याला अडवता येत नाही."

"कुठं लिहिलंय का तसं?"

"मला काय माहीत? मला वाचता येत नाही. माझ्या आईच्या पाठीला माहीत होतं, माझ्या पाठीला माहीत आहे."

"पण ते शेवाळ झालं, आजी. हा कोळसा आहे."

बॅबनं हारा वाळूत टेकवला, कलंडून रिकामा केला, आणि शेवाळाचा एक लोळा बाजूला काढून ठेवला. "मग वरून थोडं शेवाळ ठेवू," ती म्हणाली. "भर."

लार हसता हसता कठड्यावर वाकला. मोग वर आला. तोंड काळं, डोळे लाल. त्यानं बॅबकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुमच्याकडे दुसरा हारा आहे का?" मी बॅबला विचारलं.

*

आयुष्यात बादल्या उचलल्या होत्या, मूल उचललं होतं, हारा कधी पाठीवर घेतला नव्हता. दोर छातीवर बसला आणि श्वास अर्ध्यावरच थांबला. दूध भरलेल्या छातीवर दोर म्हणजे काय, ते बाईलाच कळेल. एलीला वॉटीनं हेरिंग माशांच्या खोक्यात दुपट्यावर बसवलं आणि हातात लाकडी चमचा दिला.

"वाकून चाल," मागून बॅब म्हणाली. "ताठ राहिलीस तर तो तुला मागं ओढेल. गुडघ्यानं चढ, पाठीनं नको. आणि बोलू नकोस, दम जातो."

"तुम्ही बोलताय की."

"मला सवय आहे."

वर हॅनवे होताच. त्यानं पोलिसांचा हवालदार बोलावून आणला होता. कारकून वही घेऊन खांबाशी. गाव अजून तिथंच होतं, जरा मागं सरकलेलं. बॅब खांबाच्या बाजूनं शिरली तसा हॅनवेनं घोडा पुढं घातला.

"टोपलीत काय आहे?"

"शेवाळ, साहेब."

"खाली?"

"खाली टोपली."

गर्दीत कोणीतरी फसकन हसलं आणि खोकल्याचं नाटक केलं.

"हवालदार, अडवा त्यांना."

हवालदार जाडजूड, मिशीवाला, याच किनाऱ्यावरचा माणूस. त्यानं पाटी नीट वाचली. "कशाखाली अडवू, साहेब? इथं चाक लिहिलंय. या बायांना चाकं नाहीत."

"नावं लिहून घे," हॅनवे कारकुनाला म्हणाला.

"लिही बाबा," बॅब म्हणाली. "बॅब कल्लन. विधवा. दोन्ही गुडघे कामातून गेलेले."

कारकुनानं माझ्याकडे पाहिलं. मी छातीवरचा दोर सारखा केला. "स्टेशिया रेडमंड. धुणं माझंच आहे तिथलं."

त्या दुपारी आम्ही दोघींनी मिळून एकोणीस खेपा केल्या. पाणी परत आलं तेव्हा जहाजाच्या पोटातला ढीग सकाळएवढाच दिसत होता. संध्याकाळची भरती आली, बाजूंना थडथड आपटून गेली. जहाज हललंसुद्धा नाही. मी चुलीवर बटाटे टाकले आणि ते सोलायला बसले तर बोटं मिटेनात. मोगनं मुकाट्यानं माझ्या हातातला बटाटा काढून घेतला, सोलला आणि परत माझ्या हातात ठेवला.

*

मंगळवारी ओहोटी लागली तेव्हा मी कठड्याशी होते. कड्याच्या वाटेवर बॅब दिसली. तिच्या मागं एक बाई, तिच्या मागं आणखी एक. मग वळणावरून येणारी रांग संपेना. प्रत्येकीच्या पाठीवर हारा. मी मोजत गेले, चव्वेचाळीस निघाल्या.

कारकून खांबाशी वही उघडून बसला होता. त्याला विचारायची वेळच आली नाही. खाली उतरतानाच प्रत्येक बाई त्याच्यापुढं थांबून आपलं नाव सांगत होती. नीट, सावकाश, चर्चमध्ये सांगतात तसं.

"घाबरल्या नाहीत या?" मी बॅबला विचारलं.

"कशाला घाबरतील? भाडेपट्ट्यावर नाव नवऱ्याचं, नाहीतर सासऱ्याचं. यांची नावं कुठल्याच कागदावर नव्हती. आज पहिल्यांदा कोणी लिहून घेतंय."

"आणि तुमचं?"

बॅब हाऱ्याचा दोर ताणत होती. "माझा नवरा मेला ना. माझ्या घराच्या कागदावर माझंच नाव आहे." आणि लगेच, "भर की गं. माझं तोंड काय बघतेस?"

पुरुष साखळीजवळ फिरकले नाहीत. ते होड्यांतून समुद्राकडून आले, जिथली जमीन भरतीखाली जाते आणि म्हणून हॅनवेच्या जमीनदाराची नाही. दोघं-दोघं पोटात उतरून टोपली भरत. वर चौघं एका दोराची चार टोकं धरून लाकडी पायरीवर चढत आणि एकदम डेकवर उडी मारत. त्यांच्या वजनानं टोपली वर उसळायची. वॉटी ती कठड्याबाहेर ढकलून उलटी करायचा. चढा, उडी, उलटी. खाली आमचे हारे. हारा भरला की वर मूठभर शेवाळ. दुपारपर्यंत उड्या मारणाऱ्यांच्या टाचांनी डेक चकाकायला लागलं होतं.

सात खेपांनंतर माझ्या खांद्याचं कातडं गेलं. लारनं गोणपाटाची घडी दिली. "वहिनी, बसा जरा." मी बसले नाही. बसले असते तर उठले नसते. पुढं पुढं मी फक्त समोरच्या बाईच्या टाचा बघत चालले. त्या टाचांना भेगा होत्या, भेगांत कोळसा.

एली रडायला लागली तेव्हा खडकाला टेकून तिला पाजायला घेतलं. हात धुवायला पाणी खारं, पुसायला काही कोरडं नाही. ती दूध पिऊन बाजूला झाली तर ओठांभोवती काळी मिशी. कोळसा पोटात गेला असेल, रात्री खोकली तर, ताप आला तर. मी स्कर्टच्या काठानं, मग बोटानं, मग जिभेनं पुसत राहिले. शेजारी एक तरुण बाई दम खात होती. तिनं वाकून बघितलं.

"हवालदारासारखी दिसतेय," ती म्हणाली. "राहू दे. आमची सगळी असलंच खाऊन वाढली."

मला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी.

चारनंतर पाणी परत आलं. शेवटच्या खेपांना बाया गुडघाभर पाण्यात उभ्या राहून हारे भरून घेत होत्या. पोटात तळाची लाकडं दिसायला लागली तेव्हा मोग खालून ओरडला, "पुरे! लाकूड लागलं!" वर, साखळीपलीकडे, रस्त्याच्या कडेला कोळशाचा ढीग घराएवढा झाला होता. तिथून पुढं गाड्यांना कोणी अडवू शकत नव्हतं. ढिगावर सगळीकडे शेवाळाच्या हिरव्या-तपकिरी चिंध्या.

*

मंगळवारी रात्रीची भरती जमिनीकडच्या वाऱ्यानं खालीच राहिली, रिकामं जहाज हललं नाही; बुधवारी सकाळी वारा आग्नेयेला वळला होता. पारा पाहायची गरज नव्हती. लाटा वाळूवर पसरताना गढूळ येत होत्या.

जहाज वाळूत चढवताना मोगनं मागं खोल पाण्यात नांगर टाकून ठेवला होता. त्याचा दोर डेकवरच्या रहाटाला. भरती भरत आली तसे मोग, वॉटी आणि लार रहाटाच्या दांड्यांवर रेलले. दोर पाण्यातून वर आला, ताठ झाला, थेंब उडाले. मागची बाजू डोलली. पुढची रुतलेलीच.

"अजून किती येईल पाणी?" मी विचारलं.

"आलंय तेवढंच," वॉटी म्हणाला.

लारनं आणि मी खाली जाऊन जे हाताला लागलं ते वर आणलं. लोखंडी चूल, बटाट्यांचं पोतं, पाण्याची पिंपं, जादा साखळदंड. लारनं सगळं बाजूच्या होडीत फेकलं. शेवटी एलीचा लाकडी पाळणा. त्याचं वजन ते काय? पण मी तोही दिला. एलीला पाठीशी बांधलं.

तेवढ्यात किनाऱ्यावरून बाया पाण्यात शिरल्या. कालच्याच. त्यांच्याबरोबर आता त्यांचे पुरुषही. छातीपर्यंत पाण्यात येऊन त्यांनी जहाजाच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, खांदे लावले. बॅब सगळ्यांत पुढं. लाट तिच्या डोक्यावरून गेली, ती थुंकत वर आली.

"उठ गं, ॲन!" ती ओरडली. "चव्वेचाळीस बायांनी पोट मोकळं केलं तुझं, अजून किती लाड?"

"लाटेबरोबर!" मोग ओरडला. "आता!"

रहाट कुरकुरला, एक दात पुढं सरकला. मग दुसरा. खालून घासल्याचा लांब आवाज आला आणि अचानक पायाखालचं डेक हलकं झालं. मी दोन वर्षं त्या डेकवर उभी राहत आले होते. ते जिवंत झालेलं मला तळव्यांना कळलं.

खोल पाण्यात नांगरावर उभे राहिलो तेव्हा हॅनवे वाळूवर घोडा घेऊन आला. त्याला समुद्राची माहिती होती. रिकामं जहाज अशा वाऱ्यात आडवं होतं. पोटात वजन घेतल्याशिवाय निघता येत नाही, आणि वजन म्हणून सगळे कोरड्या किनाऱ्यावरचेच गोटे भरतात, ते जमीनदाराच्या हद्दीतले.

"रेडमंड!" त्यानं हाताचा कर्णा केला. "या किनाऱ्यावरचा एक दगड उचललास तर चोरीखाली आत घालीन!"

वॉटीनं शिवी घातली. वारा वाढत होता. मी पाठीवरच्या एलीचा श्वास ऐकत होते.

मग गावाकडून परत तीच रांग निघाली. साखळीच्या बाजूनं, खांबाला लागून, हारे पाठीवर. या वेळी वर शेवाळ नव्हतं. पुरुष होड्या धरून उभे होते. पहिली होडी आमच्या बाजूला लागली तेव्हा बॅब तीत होती, भिजलेली, कुडकुडत, मांडीवर एक दगड घेऊन.

"हे काय?" मोग म्हणाला.

"माझ्या बटाट्याच्या शेतातला. हे सगळे शेतांच्या बांधावरचे आहेत, किनाऱ्यावरचा एक नाही. या दगडांचा खंड तीस वर्षं भरतेय मी. विचार त्याला, पावती दाखवू का?"

पंधरा होड्या झाल्या. मोगनं प्रत्येक दगड हातानं घेतला आणि लारकडे खाली दिला. हॅनवे घोड्यावर बसून बघत राहिला, मग वळला. कड्याची वाट चढताना साखळीपाशी त्याला उतरावं लागलं. घोडा खांबाच्या बाजूनं जात नव्हता, आणि खाली येताना साखळी उघडून देणारा कारकून ती परत कुलूपबंद करून किल्लीसकट गावात गेलेला. तो घोडा धरून तिथं बराच वेळ उभा होता. गाव जाता-येता त्याच्या बाजूनं जात होतं.

आम्ही शीड चढवलं. जहाज वाऱ्याला टेकलं, झुकलं, आणि त्या शेतांच्या वजनानं तिथंच थांबलं. त्याहून जास्त झुकलं नाही.

बॅबची होडी मागं पडत होती. ती उभी राहिली. "कप्तान! पुढच्या वर्षी येणार ना?"

मोग सुकाणू वॉटीच्या हाती देऊन मागच्या कठड्याशी गेला. तीन दिवसांत त्यानं ज्याबद्दल एक शब्द काढला नव्हता, ते त्यानं सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं.

"येईन! एक भरती आधी येईन! रविवार असला तरी!"

वॉटीनं नाक पुसलं आणि डोलकाठीकडे नजर टाकली. "म्हातारी ॲन ऐकतेय, कप्तान."

"ऐकू दे," मोग म्हणाला.